तारखेचे गाणे आणि तिथीचे गाणे

एप्रिलची पहिली तारीख उजाडली की सरकारी कचेऱ्यांतून नव्या खातेवह्या उघडतात. १८६७ सालापासून या देशाचे सरकारी आर्थिक वर्ष या दिवशी सुरू होते. त्यामुळे शिक्षक आणि कारकून यांच्या मनात ही तारीख आदल्या रात्रीपर्यंत चाललेल्या ताळेबंदाच्या धांदलीशी जोडलेली असते. विद्यार्थ्यांना ती चेष्टामस्करीची तारीख म्हणून ठाऊक असते. गाण्याशी तिचा काही संबंध असावा असे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु लोकप्रिय संगीताच्या इतिहासाचे पान या एका तारखेपाशी उघडले तर तेथे जे सापडते ते विचार करण्याजोगे आहे. आणि जे सापडत नाही, ते त्याहूनही अधिक विचार करण्याजोगे आहे.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार. त्या दिवशी रामनवमी होती. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू होऊन तेव्हा अवघे दीड वर्ष झाले होते. त्या केंद्रावरून त्या सकाळी गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. केंद्रातील अधिकारी सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून उगवलेल्या या उपक्रमासाठी ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्यास एक गीत लिहावयाचे आणि सुधीर फडके यांनी त्यास चाल लावावयाची असा संकल्प होता. वर्षभर दर आठवड्यास नवे काव्य, नवी चाल, नवा वाद्यमेळ! कारखान्यातील पाळीसारखी ही शिस्त होती, आणि ती पाळून निर्माण झालेली वस्तू मात्र कारखान्यातली वाटली नाही. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर अशा भिन्न प्रकृतीच्या गायकांचे गळे त्यासाठी लाभले. ज्या घरी रेडिओ होता त्या घरी शेजारपाजारची माणसे जमत आणि रेडिओच्या पेटीला हार घातला जाई, असे त्या पिढीतील लोक सांगत आले आहेत.

या मालिकेत गीते किती असावीत? वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून गीतेही बावन्न असा हिशेब होता. परंतु शके १८७७ मध्ये अधिक भाद्रपद आला. मालिका रामनवमीस आरंभून पुढील रामनवमीस पुरी करावयाची, तर ती १९ एप्रिल १९५६ पर्यंत लांबविणे भाग होते. म्हणून गीते छप्पन्न झाली. साहित्याच्या इतिहासात एखाद्या कृतीची लांबी पंचांगाने ठरविल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवणार नाही. आकाशवाणीचे वेळापत्रक इंग्रजी तारखांनी चाले, श्रोत्यांचे मन तिथींनी चाले, आणि अधिक मासाने या दोहोंत जी फट पाडली ती माडगूळकरांनी चार गीते लिहून भरून काढली.

याच तारखेच्या आणखीही नोंदी आहेत. १९२७ च्या जुलैत मुंबईत मोठ्या थाटाने सुरू झालेली खाजगी नभोवाणी कंपनी तीन वर्षेही धड तगली नाही; ती दिवाळखोरीत निघाल्यावर १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रायोगिक तत्त्वावर नभोवाणी आपल्याकडे घेतली. निजामाच्या राज्यात १९३५ पासून चालत असलेला डेक्कन रेडिओ १ एप्रिल १९५० रोजी केंद्र सरकारच्या ताब्यात आला. दूरदर्शन आकाशवाणीपासून विभक्त होऊन स्वतंत्र झाले तेही १ एप्रिल १९७६ रोजी. या तारखा एकाच दिवशी याव्यात यात योगायोग शोधण्याचे कारण नाही. सरकार नवी जबाबदारी नव्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या दिवशी उचलते. संस्थानांचे आर्थिक विलीनीकरणही १ एप्रिल १९५० पासूनच अमलात आले होते. या देशातील लोकप्रिय संगीताचा विसाव्या शतकातील सर्वांत मोठा आश्रयदाता राजा नव्हता, रसिक सावकारही नव्हता; तो होता अर्थसंकल्पातील एक लेखाशीर्ष. या वाक्याने रसिकांनी नाक मुरडू नये. त्या लेखाशीर्षाखाली वादकांना मासिक वेतन मिळाले, गायकांची चाचणी घेऊन त्यांच्या श्रेणी ठरल्या, आणि गाण्यास करारपत्र मिळाले. त्या करारपत्रावर नाव, वेळ, मानधन आणि तारीख असे.

त्या काळी नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर होते. चित्रपटगीतांविषयीची त्यांची नावड प्रसिद्धच आहे. आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला आपला हट्ट सोडावा लागला. परंतु याच हट्टापायी चित्रपटगीतांच्या जागी ऐकवावयास सुगम संगीत हवे म्हणून केंद्रांतून पैसा आणि माणसे उपलब्ध झाली, हेही विसरता येणार नाही. गीतरामायण या वातावरणात जन्मले. चुकीच्या धोरणाची सगळीच फळे कडू निघत नाहीत.

आता नकाशाकडे वळू. १ एप्रिल १९५५ रोजी पुण्याहून ते पहिले गीत निघाले तेव्हा सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटरांवर असलेला माहूरगड महाराष्ट्रात तर नव्हताच, पण मुंबई राज्यातही नव्हता. तो हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात, किनवट तालुक्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि माहूर द्विभाषिक मुंबई राज्यात आले. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ, दत्तशिखराचे आणि अनसूयेचे स्थान, जेथे कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून हातावर पडतो ते रेणुकेचे ठाणे, मराठी राज्यात यावयास विसाव्या शतकाचे छप्पन्नावे वर्ष उजाडावे लागले. रेडिओच्या लहरींना राज्यांच्या सीमा नसतात हे खरे. परंतु त्या पकडणारा संच विकत घ्यावा लागतो, त्याचा परवाना काढावा लागतो, आणि त्या काळच्या मराठवाड्यातील डोंगराळ टोकाला हे किती घरांना परवडत असेल याचा अंदाज कोणीही करू शकेल.

मग त्या वर्षी माहूरला गाणे नव्हते काय? होते, आणि ते पुणे केंद्राहून कित्येक शतकांनी जुने होते. गोंधळ्यांत दोन मुख्य भेद मानले जातात: तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. कथा अशी की परशुरामाने बेटासुराचा वध करून त्याच्या शिरापासून आणि शिरांच्या तातीपासून वाद्य सिद्ध केले आणि ते वाजवीत माता रेणुकेसमोर येऊन वंदन केले. तेच पहिले तुणतुणे, आणि तोच पहिला गोंधळ. कथेच्या ऐतिहासिकतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. एका लोकसंगीतप्रकाराने आपल्या जन्माचे स्थळ इतक्या निश्चितपणे सांगावे आणि काळाविषयी अवाक्षरही काढू नये, ही गोष्ट मात्र बोलकी आहे. स्थळ माहूर. प्रसंग मातृवंदनाचा. तारीख नाही.

ती असण्याचे कारणही नव्हते. गोंधळाचे वर्ष तिथीने चालते: आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नवरात्र, चैत्रातील यात्रा, घरी लग्नमुंज झाली की कुळाचार, नवस फिटला की जागरण. दिवटी पेटते, संबळ आणि झांज सुरू होते, कोल्हापूरची, तुळजापूरची, माहूरची, अशा सगळ्या दैवतांना नावे घेऊन आवतण दिले जाते, मग आख्यान रंगते आणि पहाटे आरतीने सांगता होते. गाणारा ते बापाकडून शिकला, बाप आज्याकडून. पद कोणी रचले हे विचारले तर ‘आईचे आहे’ एवढेच उत्तर मिळेल, आणि उत्तर देणाऱ्याला ते पुरेसे वाटेल. माहूरलाच राहून रेणुकेची पदे आणि अष्टके रचणाऱ्या विष्णुदासांसारख्या कवीचे नाव टिकले, कारण त्यांची रचना लिहिली व छापली गेली. संबळावर वाढलेल्या रचनेला हे भाग्य लाभले नाही.

पुढे या रचना आकाशवाणीवर पोहोचल्या, ध्वनिमुद्रिकांवर आल्या, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या लाटेबरोबर प्रत्येक देवस्थानाच्या पायऱ्यांलगत विक्रीस मांडल्या गेल्या. तेव्हा निवेदनात आणि वेष्टनावर एक शब्द आला: ‘पारंपरिक’. गीत पारंपरिक, संगीत पारंपरिक. हा शब्द आदराचा वाटतो. अर्थशास्त्राच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ असा, की या कच्च्या मालाला किंमत नाही. तो गायरानातल्या गवतासारखा आहे. ज्याच्याकडे विळा असेल त्याने कापून न्यावा. गावच्या गायरानाला निदान गावाची वहिवाट असते. येथे विळा असलेला माणूस शहरातला, आणि त्याने मुद्रित केलेल्या ध्वनीवर कायद्याने मालकी त्याची. प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे! ज्याने रात्र जागवून ते पद त्याच्या यंत्रात ओतले, त्याच्या हाती एकरकमी बिदागी पडली असली तर ती पडली. चित्रपटांनीही हा ठेवा उचलला. २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटात अजय–अतुल यांनी देवीच्या गाण्यांचे संस्कार घेऊन जे संगीत रचले त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. त्यांनी स्वतःची भर घातली होती. प्रश्न त्यांच्या गुणांचा नाही. विहीर कोणाची, रहाट कोणाचा आणि पाणी कोणाच्या शेतात गेले, एवढाच प्रश्न आहे.

एक एप्रिलच्या पानावरची आणखी एक नोंद या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १ एप्रिल १९८४ रोजी लॉस एंजेलिस येथे अमेरिकेचा विख्यात कृष्णवर्णी गायक मार्व्हिन गे आपल्या धर्मोपदेशक पित्याच्याच गोळीला बळी पडला. दुसऱ्या दिवशी त्याला पंचेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. एवढी शोकांतिका पुरेशी होती. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने गोष्ट पुढेच आहे. त्याच्या १९७७ च्या एका गीताची छाया २०१३ मध्ये गाजलेल्या ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्यावर पडली आहे, असा दावा त्याच्या वारसांनी केला. २०१५ मध्ये पंचांनी तो मान्य करून ७४ लाख डॉलर देवविले. न्यायाधीशांनी ती रक्कम सुमारे ५३ लाखांवर आणली, आणि २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल कायम केला. शब्द उचललेले नव्हते. स्वरावलीही जशीच्या तशी नव्हती. गाण्याचा बाज सारखा वाटतो, एवढ्यावर मृत गायकाच्या कुटुंबास हा पैसा मिळाला. हा निकाल अतिरेकी होता असे म्हणणारे अनेक संगीतकार आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाजावर मालकी सांगू लागलो तर उद्या नवे गाणे रचणेच मुश्किल होईल. तरीही तुलना टळत नाही. एकीकडे नाव आणि साल असलेल्या गाण्याचा नुसता बाज लाखो डॉलरचा ठरतो, दुसरीकडे संबळाचा ठेका, चाल, शब्द आणि आवाज हे सगळेच एका ‘पारंपरिक’ शब्दाखाली फुकट जाते.

आपला १९५७ चा लेखाधिकार कायदा तारखांवरच उभा आहे. कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ मध्ये निवर्तलेल्या रवींद्रनाथांच्या लेखनावरील हक्क संपण्याची वेळ आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती दहा वर्षांनी वाढविली गेली. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत. फडके २९ जुलै २००२ रोजी गेले; चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत. हा हिशेब कोणत्याही कारकुनाला बोटांवर करता येईल. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांतील गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातील वाट्याची शाश्वती दिली. पण गोंधळ्याच्या पदाचा कर्ता कोण? तो निवर्तला कधी? ज्या सूत्रात तारीख घातल्याशिवाय उत्तर येत नाही, त्या सूत्रात तिथीने जगणाऱ्या माणसाचे उत्तर नेहमी शून्यच येते.

यावर कोणी सुचवितात की लोकगीतांची मालकी त्या त्या समाजाला द्यावी. हा उपाय ऐकावयास न्याय्य वाटला तरी व्यवहारात घातक ठरेल. समाज म्हणजे नेमके कोण? नांदेडचे रेणुराई की विदर्भातले? नोंदणी केलेली संस्था की तिच्या अध्यक्षाची घरची मंडळी? गोंधळाचा प्राणच हा की तो एका क्षेत्राचा असून सर्व क्षेत्रांच्या दैवतांना बोलावतो. त्याला कुंपण घालून आईच्या पदासाठी परवानगीचा अर्ज लिहावयास लावणे हा रोगाहून भयंकर उपचार होईल. पद सर्वांचेच राहू द्यावे. मजुरी मात्र गाणाऱ्याची असली पाहिजे.

आणि या मजुरीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने याच कायद्यात प्रयोगकर्त्याचे हक्क आले आहेत. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा, असे सर्व या व्याख्येत बसतात. महाविद्यालयीन अध्यापकांना गारुड्याच्या पंक्तीला बसविणारा हा कायदा विनोदबुद्धीने लिहिलेला नसावा, परंतु त्याची व्याप्ती उदार आहे. प्रयोगकर्ता पदाचा कर्ता असण्याची अट नाही. त्याने गायिले, एवढे पुरे. प्रयोग झाल्यानंतरच्या वर्षारंभापासून पन्नास वर्षे त्याचा हक्क टिकतो, आणि व्यापारी उपयोग झाला तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे स्वामित्वधनातही तो वाटेकरी होतो. अट एकच: त्या दिवशी, त्या ठिकाणी, याच माणसाने गायिले हे सिद्ध झाले पाहिजे.

नेमके हेच कोठे लिहिलेले नसते. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देते. ही योजना १९५४-५५ पासूनची, म्हणजे योगायोगाने गीतरामायणाच्या वयाची आहे, आणि २०२४ मध्ये हे मानधन दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. त्या अर्जासोबतही कलासेवेचे पुरावे मागितले जातात. ज्याने चाळीस वर्षे लोकांच्या अंगणात रात्री जागविल्या त्याच्याजवळ अंगणाचा दाखला कोठून असणार? गोंधळी समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे. त्यातील अनेकांना जन्माचा आणि रहिवासाचा पुरावा उभा करतानाच दमछाक होते, तेथे गाण्याचा पुरावा फारच दूरची गोष्ट. कागदावर जगणाऱ्या मध्यमवर्गाला ही अडचण क्षुल्लक वाटते, कारण त्याच्या जीवनातील प्रत्येक घटनेवर कोणीतरी शिक्का मारलेला असतो.

बाजारच त्यांना तारील, ही आशाही बाळगू नये. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच प्रयोगकलांच्या मुळाशी असलेला पेच दाखवून दिला आहे. सूतगिरणीत एका मजुराचे उत्पादन पिढीगणिक वाढते आणि त्याबरोबर त्याचे वेतनही वाढू शकते. चार वादकांची रचना वाजविण्यास मात्र शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. गोंधळाला ही मीमांसा तंतोतंत लागू पडते. रात्रभराचे आख्यान दुप्पट वेगाने सांगून दोन घरे करता येत नाहीत. म्हणून एकतर बिदागी वाढली पाहिजे किंवा गोंधळ आखूड झाला पाहिजे. आज तो आखूड होताना दिसतो: मंगल कार्यालयाची वेळ संपण्यापूर्वी तासाभरात उरकलेला, आवतण झाले न झाले तोच आरती. उरलेली रात्र ध्वनिक्षेपकावरचे मुद्रित गाणे निभावून नेते, आणि ते गाणे पुष्कळदा त्याच गोंधळ्याच्या आज्याने कधी काळी एका बिदागीवर गाऊन दिलेले असण्याचा संभव असतो.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. गीतरामायणासाठी आकाशवाणीने जे केले त्याचा दशांश माहूरसाठी केला तरी पुष्कळ होईल. शारदीय नवरात्राच्या नऊ रात्री गडावर आणि गडाच्या पायथ्याशी जे गोंधळी येतात त्यांचे गाणे तेथेच मुद्रित करावे. हे काम आकाशवाणीने करावे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने करावे, की दोघांनी मिळून, हा वाद घालण्यात आणखी एक नवरात्र दवडू नये. विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. मुद्रणयंत्र तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ध्वनीपेक्षाही महत्त्वाची त्याच्यासोबतची चिठ्ठी. तिच्यावर गाणाऱ्याचे, संबळ आणि तुणतुणे धरणाऱ्यांचे पूर्ण नाव असावे, गाव असावे, पद कोणाकडून शिकला ते असावे, आणि त्याला दिलेल्या रकमेचा आकडा असावा. तिची एक प्रत, सही-शिक्क्यासह, गाणाऱ्याच्या हाती द्यावी. तीच उद्या मानधनाच्या अर्जाला जोडता येईल, आणि कोणी ते गाणे विकू लागला तर तीच न्यायालयात दाखविता येईल.

चिठ्ठीवर दिवसाच्या दोन ओळी हव्यात. पहिल्या ओळीत आश्विनातील तिथी लिहावी, कारण गाणारा तिच्यासाठी आला आहे. दुसऱ्या ओळीत तारीख.